ऐतवारची मूठ

सूर्यभान वस्तादांनी फेट्याचा शेव सोडला, गोटीवरची धूळ पुसली आणि दगडाशेजारी मांडी घालून ते बसले.

“सांगतो,” ते म्हणाले. “पर आदीच बोलून ठेवतो, कुनाला खरं वाटायचं न्हाई.”

“तुमचं कवा खरं वाटलंय?” छगन पाथरवट छिन्नीला धार लावत म्हणाला. “मागल्या आखाडीला तुमी वाघाच्या मिशीला तूप लावलं हुतं.”

“लावलंच हुतं. वाघ अजून वास घेत हिंडतोय.”

पारावरची माणसे हसली. राधाकृष्ण पाटील जरा जास्तच हसले, कारण आजचा मान त्यांच्या गावाचा होता. लिंबाखालची ही गोटी, तीन मणांचा वाटोळा काळा दगड, मारुतीची. जो ती खांद्यावर घेईल त्याचे नाव तिच्यावर कोरायचे. आणि कोरण्याआधी त्याने चारचौघांत बसून, अगदी पहिल्या दिवसापासून, ती कशी उचलली ते सांगायचे, अशी गावची रीत. सांगणे पुरे झाले की पाथरवटाचा हातोडा पडायचा.

सव्वीस वर्षे वस्तादांनी हे सांगणे टाळले होते. दुसरी कुठलीही गोष्ट ते तिखटमीठ लावून, रंगवून सांगत, पण गोटीचा विषय निघाला की म्हणत, ‘नावाची हौस मला न्हाई.’ लोकांना वाटे, केवढा मोठा माणूस. पुन्हा कधी त्यांनी गोटीला हातही लावला नव्हता. मारुतीला शब्द दिलाय म्हणत, एकदाच.

पण पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या पट्ठ्याने, मच्छिंद्रने, गोटी उचलली. खांद्यावरची खपली अजून वाळायची होती. पाटलांनी त्याचे नाव कोरायचे काढले, तेव्हा तो लाल मातीने भरलेल्या अंगानिशी हात जोडून उभा राहिला. ‘आदी वस्तादांचं. त्यांच्या खाली माझं. न्हाईतर माझं बी नको.’ झाले. आता पळायला जागा नव्हती.

“मास्तर, घ्या लिवायला,” पाटील म्हणाले. “फकस्त दगडाला हात टेकू नका. कुंचल्यानं वरच्यावर.”

लोकल बोर्डाच्या शाळेत नव्याने आलेले प्रभुदास मास्तर गेरूची वाटी घेऊन पुढे झाले. गावात एवढे वळणदार अक्षर दुसऱ्या कोणाचे नव्हते, म्हणून त्यांना बोलावले होते. मास्तरांनी धोतराचा सोगा खोचला, उजवे मनगट डाव्या हाताने धरले आणि कुंचला हवेतूनच दगडाकडे नेला.

“हे कालच उरकलं असतं,” छगन कुरकुरला. “मास्तर यायला न्हाई म्हनले, मला आज दुसरी खेप.”

“काल रविवार होता,” मास्तर मान वर न करता म्हणाले. “रविवारी आम्ही काम करत नाही. वडील तर रविवारी पाण्याची घागरसुद्धा उचलत नसत. दुसऱ्याला उचलू देत नसत.”

“आमची बी तालीम काल बंदच हुती,” मच्छिंद्र म्हणाला. “बरं झालं मास्तर, मला झोप मिळाली.”

“वळकलं का वस्ताद?” पाटलांनी विचारले. “आपल्या येशाचा ल्योक. तुमच्या वस्तीवरला गडी न्हवता का येशा? मिशनमदी किरिस्ताव झाला, मंग नगरला गेला तो. वारला म्हनं औंदा.”

“वळकलं,” वस्ताद म्हणाले. ओळखले तर महिनाभरापूर्वीच होते. मास्तर एस्टीतून उतरले त्या दिवशी, पाठीवरूनच. तीच रुंद पाठ, फक्त वर पांढरा सदरा. तेव्हापासून शाळेवरून जायचा रस्ता त्यांनी सोडला होता.

त्यांनी घसा खाकरला.

“तर दुष्काळाचं दुसरं साल. मानसं पाला वरबाडून खात हुती आन् मी गोटी उचलायचं मनावर घेतलं. तालमीत जोर मारून मारून गुडघे झिजले, पर दंड हाय तेवढंच. मग डोक्यात आलं. वाळू! ज्वारीच्या पोत्यात नदीची वाळू भरली, उचलंल एवढीच. आन् रोज सकाळी त्यात एक मूठ. एकच. पोत्याला कळू द्यायचं न्हाई, आन् अंगाला बी कळू द्यायचं न्हाई.”

“वा!” पाटील म्हणाले.

“उचलायचं झटक्यानं. पर खाली ठेवायचं सावकाश, धा आकडे मोजत. समदी उचलन्यावर जीव टाकत्यात. अंग भरतं ते ठेवताना. शेवटच्या खेपेला दंड असा थरथरला पायजे, की हातातला घास तोंडाला न लागता कानाला लागंल.”

मच्छिंद्र मान डोलावत होता. सात वर्षे तो हेच करत आला होता. मूठ, झटका, सावकाश. वस्तादांचे बाकी सगळे बोलणे लोक वाऱ्यावर सोडत, पण हे खरे होते. मच्छिंद्रच्या अंगावर ते दिसत होते.

खरेच होते ते. वस्तादांच्या तोंडून निघणाऱ्या गोष्टींत तेवढे एकच खरे, आणि तेच त्यांचे नव्हते.

“वरीसभरात दंड असा भरला की शिंप्याला बंडीची बाही कापून काढाया लागली. छातीवर भरला तांब्या ठिवून निजायचो, सकाळी थेंब सांडलेला नसायचा. आमची म्हस तर मला बघूनच पान्हा सोडायची. घरची म्हनायची, धनी, वासराला तेवढं ऱ्हाऊ द्या.”

पारावर हशा उठला. वस्तादांना हुरूप आला. हशा आला की त्यांची जीभ आपली आपण चालायची, त्यांना विचारायची नाही.

“आन् मूठ टाकायला आमचा येशा. रोज सकाळी मूठभर वाळू घिऊन हजर. म्हनायचा, मालक, आज तरी ऱ्हाऊ द्या, पोतं रडतंय!”

पुन्हा हसले सगळे. कुंचला दगडाच्या अंगठाभर अलीकडे थांबला होता. गेरूचा एक थेंब मातीत पडला. मग मास्तरांनी पहिले अक्षर काढले. हात टेकायला नसल्याने ‘सू’चा ऊकार थोडा हलला.

वस्ताद त्या ऊकाराकडे बघत राहिले. सव्वीस वर्षांपूर्वी त्या दिवशी सगळे गाव घोडेगावच्या बाजाराला गेले होते. ते एकटेच लवकर परतले, ऊन डोक्यावर होते, आणि लिंबाखाली येशा उभा होता. गोटी त्याच्या खांद्यावर. तालमीच्या उंबऱ्याच्या आत त्याला कधी कोणी घेतले नव्हते, मारुतीच्या पारावर तर पाय ठेवायची सोय नव्हती. येशाने गोटी खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली, सावकाश, ओठ हलवत आकडे मोजत. लिंबाच्या या बाजूची गोटी त्या बाजूला गेली. तेवढ्यात बाजारकरांच्या गाड्या वेशीत वाजल्या.

गोटी हलवली कुणी, म्हणून लोक ओरडले तेव्हा येशाने सूर्यभानांकडे पाहिले होते. लोकांना कळले असते तर त्याला जिवंत सोडले नसते. सूर्यभान म्हणाले, ‘मी.’ त्याला वाचवायला म्हणाले. आणि एका संध्याकाळपुरते ते कारण खरेही होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलांच्या वडिलांनी फेटा आणला. तो त्यांनी बांधून घेतला. आठ दिवसांनी येशा बायकोला घेऊन नगरला गेला. जाताना वस्तीवर आला. फक्त आपले वाळूचे पोते उचलून घेऊन गेला.

“मंग?” छगनने विचारले. “झोप लागली काय वस्ताद? मला चार अक्षरं खोदायचीत अजून.”

“मंग काय! अंगाला तेल चोळलं, मारुतीचं नाव घेतलं, दोन्ही हात दगडाखाली सारले आन् घेतली खांद्यावर. जमीन दोन बोटं खाली गेली. हिरीचं पानी काठावर आलं. बाया म्हनल्या, पोहरा कशाला टाका, वाकून भरा!”

“वस्ताद,” मच्छिंद्र म्हणाला. तो हसत नव्हता, पण त्याचा चेहरा उजळला होता. आपल्यासारखाच दुसरा एक माणूस जगात आहे, त्याला काही विचारावे, असा. “खांद्यावर आली तवा कानात काय झालं?”

“कानात? नगारे वाजले, नगारे! सनई चौघडा!”

“हां,” मच्छिंद्र म्हणाला. “मला तर काहीच ऐकू आलं न्हाई. समदं जग बंद. तुमी समोर वरडत हुता ते नुसतं दिसत हुतं.”

“येकेकाचा कान,” वस्ताद म्हणाले.

मास्तरांनी ‘र्य’ लिहिला. आता हात हलला नाही.

“झालं तर,” पाटील उठायला लागले. “सांगनं पुरं झालं. छगन, लिवून झालंय तेवढ्यावर घे छिन्नी.”

“थांबा पाटील,” मच्छिंद्र म्हणाला. “येक इचारायचं ऱ्हायलं. सात वरसं मनात हाय.” तो खांद्यावरच्या खपलीवरून बोट फिरवत होता. “वस्ताद, समद्या तालमी शनवारी बंद. मारुतीचा वार. आपलीच तेवढी ऐतवारी. ऐतवारी पोतं उचलायचं न्हाई, मूठ बी टाकायची न्हाई. का?”

“अरं, अंगाला भरायला येक दिस लागतो. कामानं अंग नुसतं झिजतं. भरतं ते निजल्यावर.”

हेही येशाचेच, शब्दाला शब्द. मास्तरांनी मान वर केली. वस्तादांनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

“व्हय, ते पटतं. पर ऐतवारच का?”

पारावरची माणसे वस्तादांच्या तोंडाकडे बघत होती, ओठ हसायच्या बेतात. असे चेहरे समोर असले की वस्तादांना राहवत नसे. त्यांना कळलेसुद्धा, हे बोलू नये. तोवर बोलून झाले होते.

“ऐतवारी येशा त्याच्या देवळात जायचा, बाबा! मंग मूठ टाकनार कोन?”

पार खदखदला. पाटलांच्या डोळ्यांत पाणी आले. छगनने हातोडा मांडीवर आपटला.

मास्तर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी कुंचला वाटीत ठेवला, गेरूने माखलेला पंजा धोतराला पुसला आणि सबंध तळवा गोटीवर टेकवला. तापलेल्या दगडावर तो तसाच राहू दिला. पाटलांनी ते पाहिले, तोंड उघडले, पण हसण्यातून त्यांना शब्द सापडेना.

मच्छिंद्र वस्तादांच्या हातांकडे बघत होता. गुडघ्यांवर ठेवलेले दोन धड हात. मग त्याने मास्तरांच्या पाठीकडे पाहिले, आणि पुन्हा त्या हातांकडे. हसणे एकेका तोंडावरून उतरत गेले.

“तुमाला हात हुते की,” तो म्हणाला. “ऐतवारी मूठ तुमीच टाकली असती.”

वस्ताद काहीतरी बोलणार होते. काही ना काही नक्की सुचले असते.

“ऐतवार त्याचा, पोतं बी त्याचं हुतं,” मच्छिंद्र म्हणाला. “गोटी येशाबाबानं उचलली, वस्ताद. तुमी न्हाई.”