हर्षदाच्या फाइली आणि मी

मित्रांनो, मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. माझे टोपण हरवले आहे आणि अंगावरचा निळा रंग पार उडाला आहे. उल्हासनगरच्या हरेश शेठनी मला विकत घेतले, तेव्हा मात्र मी चकचकीत होतो.

शेठचा शाळेचे गणवेश शिवण्याचा कारखाना. कापड कोणत्या मापाने कापायचे, त्याचे पॅटर्न कारखान्यातली हर्षदा संगणकावर तयार करी. ते माझ्यात भरून कटिंग मास्टर करणकडे जात आणि तो त्याप्रमाणे कापड कापी. "याला सांभाळा, यात आपला सगळा धंदा आहे," असे शेठ म्हणत, तेव्हा मला फार अभिमान वाटे.

मग हर्षदाची आई अंजनीबाई घरात पडल्या. खुब्याचे ऑपरेशन झाले. आधाराशिवाय त्यांना उठताही येईना आणि घरात तर दोघीच. हर्षदाने बदलापुरातल्या बेलवलीच्या घरून काम करण्याची परवानगी मागितली. शेठ नाखुशीनेच हो म्हणाले. तेव्हापासून टेम्पो चालवणारे बुधाजीकाका मला खिशात घालून बदलापूरला नेत आणि परत आणत.

हर्षदाने दुरुस्ती केली, की माझ्यात आणखी एक फाइल येई. 'शर्ट नवा', 'शर्ट नवा शेवटचा', 'शर्ट खरा शेवटचा'. मला फक्त जपून ठेवता येते. त्यातल्या कोणत्या फाइलप्रमाणे कापायचे, हे सांगता येत नाही. एकदा करणने जुनीच फाइल उघडली आणि कापडाचा अख्खा ढीग आखूड बाह्यांचा कापला गेला.

शेठनी तिथूनच फोन लावला.

"हर्षदा, ऐसे नहीं चलेगा. सोमवारपासून कारखान्यात ये, नाहीतर मी दुसरी मुलगी बघतो."

"आईला एकटीला टाकून कशी येऊ शेठ?" मग ती ठामपणे म्हणाली, "आपली फाइली पाठवायची पद्धतच बदलायला हवी. मला एक आठवडा द्या. नाही जमलं, तर मी स्वतःच काम सोडते."

आईचे औषधपाणी सांभाळत ती नवी पद्धत शिकून घेत होती. आठवडा संपताना शेजारच्या कौसाबाईंना आईजवळ बसवून ती कारखान्यात आली. सगळ्या फाइली आता इंटरनेटवरच्या एका कुलूपबंद कपाटात राहणार होत्या.

"नेटवर टाकलं की सगळा बाजार बघेल!" शेठ घाबरले.

"नाही बघणार. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. करणदादाला फक्त पक्का झालेला पॅटर्न दिसेल, जुने मागे राहतील. शिवाय उघडताना फोनवर आकडे येतील, ते कुणालाच सांगायचे नाहीत. मलासुद्धा नाही."

शेठनी पासवर्ड म्हणून स्वतःचे नाव टाकले. हर्षदाने ते पुसले. "हा नाही चालणार शेठ, नाव कुणीही ओळखेल. दुसरा टाका."

पुढच्याच ऑर्डरला शाळेने ऐन वेळी कॉलर बदलायला सांगितली. हर्षदाने बेलवलीतून दुरुस्ती केली आणि करणने ती तिथल्या तिथे पाहिली. कात्री लावण्याआधी त्याने व्हिडिओ कॉल केला.

"ताई, गोल कॉलर. हीच ना?"

"हीच. कापा, करणदादा."

शेठ शेजारीच उभे होते. कपाळावर आठ्या, नजर कापडावर. पहिला शर्ट शिवून आला, तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा व्हिडिओ कॉल लावला. "हर्षदा, माँ को संभाल. काम वहीं से कर."

फोनच्या पडद्यावर अंजनीबाईंनी लेकीचा हात घट्ट धरलेला दिसला.

आता माझे काही काम उरले नव्हते. शेठनी मला बुधाजीकाकांच्या हातावर ठेवले. "टेम्पोत गाणी लावायला घेऊन जा."

"थांबा शेठ!" फोनमधून हर्षदा ओरडली. "आधी त्यातलं सगळं पुसा. कुठे पडला तर कुणाच्याही हाती लागेल."

करणने मला पूर्ण रिकामे केले. इतक्या वर्षांचे सगळे गेले, म्हणून आधी मला फार वाईट वाटले. पण त्यांची मेहनत आता माझ्याबरोबर हरवू शकणार नव्हती, हे कळले आणि मन शांत झाले.

मित्रांनो, मी लहान आहे, कुठेही पडून राहतो. म्हणून माझ्या एकट्याच्या भरवशावर कुणाचे कष्ट ठेवू नका. आणि मला दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी, आत काय आहे ते एकदा उघडून पाहा.