दोन मिनिटांचं भाषण

नातीच्या पत्राला आजोबांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. ती विद्यापीठात विद्यार्थी संघाच्या निवडणुकीला उभी होती. ‘वर्गावर्गांत जाऊन दोन मिनिटं बोलावं लागतं आणि दारातच माझी बोबडी वळते. तुम्हीही उभे राहिला होतात ना? मी माघार घेऊ का?’ असं तिनं विचारलं होतं.

खरं लिहायचा आजोबांना धीर होत नव्हता. कॉलेजातल्या त्या निवडणुकीत प्रचाराची पत्रकं घेऊन ते पहिल्याच वर्गाच्या दारात उभे राहिले, तेव्हा सर म्हणाले होते, “उशीर झालाय, बसा.” आणि उमेदवार मुकाट्यानं मागच्या बाकावर बसून तासभर रसायनशास्त्र ऐकून आले. हे वाचून पोरगी उरलासुरला धीरही सोडायची.

“अहो, लिहा की एकदाचं,” आजी म्हणाली.

“काय लिहू? पडलो म्हणून?”

“पडलात ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. बाकावर शेजारी कोण होतं, ते लिहा. माझं मत कुणाला गेलं, तेही लिहा.”

“ते तू दया म्हणून दिलंस.”

“दया कसली डोंबलाची! बाकीचे नुसते ओरडून जायचे. तुम्ही एकटेच आमच्यात बसलात.”

आजोबा कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी सगळं लिहिलं, बाकासकट, आणि खाली जोडलं, ‘बाळा, बोलता नाही आलं तर आत जाऊन बस. पण दारातून परत फिरू नकोस.’

पुन्हा वाचलं तर आपणच फाडून टाकू, या भीतीनं त्यांनी लगेच पायांत चपला सरकवल्या आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.