भोंग्यांच्या कुळातली वहिनी

या, जवळ सरकून बसा. आगीची वर्दी देणाऱ्या भोंग्यांची आणि त्यांना पारखणाऱ्या एका वहिनीची गोष्ट आहे. घटकाभर मन इथेच राहू द्या.

कारखान्याच्या भिंतीवर भोंग्यांचं अख्खं कूळ ओळीनं टांगलेलं होतं. पणजोबा म्हणजे पितळी घंटा, पोटाशी इवली हातोडी. आजोबा लोखंडी, घशात कायमची खरखर. वडील लाल प्लॅस्टिकचे, तीनदा ओरडून श्वास घेणारे. पुढे त्यांच्याच कपाळावर दिवा आला, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. आणि आता हा नातू, तळहाताएवढा, पांढराशुभ्र, लखकन चमकणारा.

आजोबांपासून पुढचे सगळे वहिनीनं पारखले. शेजारच्या टेबलावर तिची नणंद खोकी बांधायची, म्हणून ती साऱ्या कारखान्याचीच वहिनी.

तीस वर्षं हे ओरडणं ऐकून कान मात्र थकले. जग कापसात गुंडाळल्यासारखं झालं. यंत्रं पाण्याखाली चालल्यासारखी, माणसं नुसत्या ओठांनी गाणारी. खरं तर तिला ते गोड वाटे. पण कळलं तर टेबल जाईल, म्हणून तिनं चकार शब्द काढला नाही. दिवा चमकला की भोंगा ठीक असल्याचा शिक्का. जुन्या भोंग्यात दिवा नि आवाज एकाच तारेवर जगायचे. एक जागा झाला की दुसरा जागा असायचाच. नव्यात तारा वेगळ्या. वहिनीला ते ठाऊक होतं, तिच्या हातांना नव्हतं.

नव्याची पहिली दोनशे खोकी गोदामात उभी होती. एका सकाळी नणंदेनं सहज एक भोंगा लावून पाहिला आणि येऊन वहिनीच्या तोंडासमोर उभी राहिली.

"अगं, हा नुसते डोळे मिचकावतोय. तोंडातून ब्र नाही!"

"असेल एखादा."

"शिक्का तुझा आहे, बाई. गुपचूप बदलते. दादालासुद्धा सांगायची नाही."

वहिनीच्या डोळ्यांपुढे एक अनोळखी घर तरंगत आलं. दुपारची खोली, भिंतीकडे तोंड करून झोपलेलं लेकरू. छताखालून धूर ढगासारखा सरकतोय. दिवा चमकतोय, चमकतोय. मिटल्या डोळ्यांना तो कसा दिसावा?

ती उठली ती थेट साहेबांपुढे.

"साहेब, मला ऐकू येत नाही. माझ्या शिक्क्याची सगळी खोकी उघडा."

साहेबांचे ओठ बराच वेळ रागानं हलत राहिले. दोनशे खोकी उघडली. सहा मुके निघाले.

शिक्का नणंदेकडे गेला. वहिनी डबा उचलून निघाली, तर नणंदेनं दंड धरला.

"कुठं चाललीस? साहेब म्हणतात, घरी बसलात तर दिवे कोण बघणार?"

काळोख्या खोलीत दिव्यांची रांग लागली. एक चमकला, मग दुसरा, मग सगळे, आवाजाविना. वहिनीचे हात आपसूक जुळले. 'देवा, कान नेलेस, तरी हाक मारायची सोडली नाहीस.'

तेव्हा कुठल्याशा भिंतीवर असा लहानसा पांढरा भोंगा दिसला, तर एक पाऊल थांबा. आपलं गुपित फोडून ज्या वहिनीनं त्याला बोलतं केलं, तिची आठवण काढा. एवढंच मागणं.