सहाशे ओहमचा बाणा

मी एक जुना हेडफोन आहे. आणि मित्रांनो, पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट ठणकावून सांगतो: मी बिघडलेलो नाही. आजही नाही आणि त्या आठवड्यातही नव्हतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेढ्यावर वेढे देऊन माझ्या दोन्ही बाजूंच्या गुंडाळ्या तयार केल्या. तार बारीक आणि लांब, त्यामुळे विजेला माझ्यातून जाताना चांगलाच अडथळा होतो. हा अडथळा ओहममध्ये मोजतात. हल्लीचे हेडफोन असतात तीस-बत्तीस ओहमचे. मी सहाशेचा! हा काही दोष नव्हे बरं का. स्टुडिओत एकाच यंत्राला आम्ही पाच-सहा भावंडं एकदम जोडलेली असायचो, तरी त्याच्यावर भार पडायचा नाही. फक्त आम्हाला बोलतं करायला जोर लागायचा, आणि कपाटाएवढ्या त्या यंत्राकडे तो भरपूर होता.

तिथे मी एकतीस वर्षं एका ध्वनिमुद्रकाच्या डोक्यावर बसलो. सगळे त्यांना कानसाहेब म्हणत. कुणी पान उलटलं, कुणाची खुर्ची कुरकुरली, बाहेर जिन्यात कुणी चप्पल घासली, की त्यांचा हात वर झालाच. कुणी वाद घातला तर ते मला टिचकी मारून म्हणायचे, "हा खोटं बोलत नाही." मला छाती नाही, पण असती तर फुगली असती.

पुढे नवे, हलके, गुळगुळीत हेडफोन आले आणि माझं नाव भंगाराच्या यादीत गेलं. भंगार! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कानसाहेब त्याच महिन्यात निवृत्त होत होते. स्टुडिओच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "निरोपाला काय देऊ?" तर म्हणाले, "घड्याळबिड्याळ नको. हा द्या."

घरी मी सात वर्षं त्यांच्या बायकोच्या, म्हणजे बाईंच्या, शिवणाच्या खणात पडून होतो, दोऱ्यांची रिळं आणि बटणं यांच्या गर्दीत. कुणी धूळसुद्धा झटकली नाही. असो.

मग एके दिवशी स्टुडिओतून पत्र आलं. जुन्या सगळ्या टेपा संगणकावर चढवल्या आहेत, त्या ऐकून चांगल्या कुठल्या, सदोष कुठल्या, ते ठरवायला आठवड्यातून तीन दिवस याल का? कानसाहेब लहान मुलासारखे हरखले. लेकीने खिशात मावेल असा संगीताचा प्लेअर पाठवला, त्यात नमुन्याला काही जुनी मुद्रणं होती. कानसाहेबांनी मला खणातून काढलं. माझी जाडी पिन त्या इवल्या भोकात जाईना, म्हणून बाजारातून जोडणी आणली. मला डोक्यावर चढवलं, बटण दाबलं.

आवाज आला तो माठात अडकलेल्या माशीसारखा. त्यांनी आवाज वाढवला, आणखी वाढवला, शेवटापर्यंत नेला. माशी माठातच राहिली.

त्या चिमुरड्या प्लेअरमध्ये बोटाएवढी बॅटरी. ती मला काय हलवणार, कपाळ! मी ओरडून सांगितलं असतं, पण आमच्या जातीला दुसऱ्याचंच बोलणं पोचवता येतं. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, ते जुनं डबडं फेका, मी नवा पाठवते." आणि कानसाहेब हळूच म्हणाले, "डबडं नाही गं ते. तो खोटं बोलत नाही. माझेच कान गेले."

मित्रांनो, उभ्या आयुष्यात मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. माझ्यावरच्या विश्वासापायी त्या माणसाने स्वतःलाच मोडीत काढलं! ही भीती त्यांच्या मनात आधीच दबा धरून बसली असावी. चार दिवस ते बाईंना दोनदोनदा "काय म्हणालीस?" विचारत राहिले. आणि पाचव्या दिवशी त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं, "प्रकृतीच्या कारणाने काम स्वीकारता येत नाही."

पाकीट चिकटवायला डिंक हवा होता. तो बाईंच्या मशीनजवळ. बाईंनी विचारलं, "कसलं पत्र?" कानसाहेबांनी सांगितलं. बाईंनी पायाखालचं मशीन थांबवलं, मला उचललं आणि स्वतःच्या कानांवर लावलं.

"अहो, मलाही बारीकच येतंय. मग काय, दोघांचे कान एकाच मुहूर्तावर गेले?"

"तुझं काय, तू मशीनच्या खडखडाटात..."

"काल भिंतीपलीकडचं भांडण शब्दन्‌शब्द ऐकलंय मी," बाई म्हणाल्या. "आणि काय हो, खेळण्यातल्या मोटरवर मी ताडपत्री शिवायला घेतली आणि सुई हलली नाही, तर काय सुई मोडकी?"

माझ्या पट्टीवरचा पुसट आकडा कानसाहेबांनी बोटाने चाचपला. "सहाशे," ते म्हणाले. "अगं, मी गाढव आहे!"

"ते मला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या.

माळ्यावरच्या पेटीत आवाजाला जोर देणारा एक छोटा अॅम्प्लिफायर होता, बाहेरच्या मुद्रणांसाठी त्यांनी स्वतः जोडलेला. प्लेअरची वायर त्यात घातली, त्यातून मी. बटण दाबलं आणि मी असा बोललो, असा बोललो, की कानसाहेबांनी घाईने आवाज कमी केला!

मुद्रणात एक निवेदिका काहीतरी वाचत होती. ऐकता ऐकता कानसाहेबांचा हात वर झाला. "टिकटिक! त्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ काढायचं मी विसरलो होतो. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हटलं होतं, छे, काही ऐकू येत नाही." त्यांचे डोळे भरून आले. बाईंनी न विचारता पाकिटासकट पत्राचे तुकडे केले.

आता बाईंनी शिवलेल्या, कानांवर टेकणाऱ्या नव्या गाद्या लेवून मी आठवड्यातून तीन दिवस कामाला जातो. तिथली तरुण मंडळी मला बघून हसतात. हसा! मित्रांनो, कुणाचा आवाज बारीक आला तर त्याला डबडं म्हणू नका, आणि स्वतःलाही मोडीत काढू नका. जोर कुठे कमी पडतोय ते आधी बघा.

सदोष मुद्रणांच्या वहीत पहिल्या पानावर पहिली ओळ कानसाहेबांच्या अक्षरात आहे: "घड्याळाची टिकटिक. चूक माझी."