अध्यक्षपदासाठी माझी पसंती

खराडीत आमच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या सोसायटीत अध्यक्षपदाची निवडणूक होती. एका बाजूस माझा पुतण्या पृथ्वीराज, दुसऱ्या बाजूस अमरावतीहून नोकरीनिमित्त आलेल्या संगणक अभियंता पूर्णिमाताई. मी ताईंचे नाव सुचविताच पृथ्वीराज कडाडला, "तात्या, घरचा माणूस दिसंना व्हय तुमाला?"

मी शांतपणे उत्तरलो, "बाळा, मागील सभेतील इंग्रजी ठराव ह्या ताईंनी थांबवून मला मराठीत समजाविला, म्हणून मी विरोध करू शकलो. तो आपल्या शेतातली जुनी विहीर बुजविण्याचा होता. तू तर न समजताच हात वर केला होतास."

त्या विहिरीचे पाणी जन्मभर शेंदलेल्या माझ्या धर्मपत्नीने, सरुबाईने, ताईंसाठी प्रथम हात उंचावला. मी अभिमानाने तिच्या हाताशेजारी माझा हात नेला.