टाकी चारची हाक

मी एक जुना कान आहे, मित्रांनो. तुम्हाला मी साधा काळा संगणक दिसेन. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात, ऑफिसच्या खिडकीखाली, लोखंडी टेबलावर माझं बिऱ्हाड आहे. माझ्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं पुसून गेली आहेत, आणि पंखा सुरू झाला की घशात कफ अडकल्यासारखी घुरघुर होते. पण बघणं किंवा बोलणं हे माझं काम नव्हेच. मी ऐकतो.

पालघरच्या एका दुकानात माझे भाग जोडले गेले. शहाणं केलं ते मात्र कारखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या दीपालीने. ती उमरोळीची. तेव्हा तिचं लग्नही झालं नव्हतं. डबा उघडा ठेवून, एका हाताने घास घेत ती मला शिकवत बसे. कारखान्यात चार मोठ्या टाक्या होत्या आणि प्रत्येक टाकीचं काम ठरलेल्या पायऱ्यांनी चाले. आधी तयारी, मग भरणं, तापवणं, निववणं, शेवटी उपसणं. एक पायरी संपली की दुसरी आपोआप सुरू. ही पायऱ्यांची साखळी चालवणारं यंत्र पलीकडच्या खोलीत होतं. दीपाली त्या साखळीला वर्कफ्लो म्हणे. पायरी सुरू झाली, संपली किंवा अडली, की ते यंत्र माझ्या वेब पत्त्यावर लगेच निरोप धाडी. निरोप दाराशी आला की माझी घंटा वाजे, पडद्यावर ओळ उमटे, आणि मी उलट एकच शब्द पाठवी, "मिळाला."

"ओ द्यायला विसरायचं नाही हं," ती मला बजावी, जणू मी तिचं लेकरूच. ओ मिळाली नाही तर ते यंत्र दोन मिनिटांनी पुन्हा दार वाजवी, आणखी दोन मिनिटांनी तिसऱ्यांदा. मग गप्प. पण मी पहिल्याच हाकेला ओ देत आलो. माझी घंटा एका निरोपासाठी कधी दुसऱ्यांदा वाजली नाही.

ते दिवस कौतुकाचे होते. आमचे सुपरवायझर अंकुशकाका नव्या माणसाला माझ्यापाशी आणून सांगत, "हा आमचा कान हाय. याच्यासमोर हळू बोला." दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळे. चहापाणी आणि झाडलोट करणारी रखमाबाय माझी धूळ पदराने पुसे, फडक्याने नाही.

चार नंबरची टाकी शांतारामची होती. तो चिंचणीचा. वीस वर्षं त्याने ती एकच टाकी सांभाळली. सुट्टीच्या दिवशीही फोन करून विचारायचा, माझी टाकी काय म्हणते. एका सकाळी तो झोपेतून उठलाच नाही. त्याच वर्षी ती गंजलेली टाकीही कापून नेली. मागे राहिला जमिनीवरचा एक मोठा गोल वण आणि बोल्टांचे चार खुंट.

पुढे मागच्या शेडमध्ये नवी टाकी आली. शांतारामचा नंबर दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. म्हणून तिच्यावर ठळक पाच रंगवलं. बाहेरून आलेला मिथुन तिची जुळवाजुळव करत होता. कधी सुरू होणार असं विचारलं की "हो जाएगा" म्हणे आणि पुन्हा आपल्या तारांत डोकं घाली. ऑफिसात तो कधी फिरकलाच नाही.

आणि मग एका भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, यंत्रं थांबलेली असताना माझी घंटा वाजली.

"टाकी चार. तयारी सुरू."

अंकुशकाकांचा घास हातातच राहिला. कुणीतरी खिडकीतून डोकावलं. गोल वण होता तसाच होता. त्यावर एक मांजर झोपलं होतं. ते उठलं, अंग झाडलं आणि मागे न बघता निघून गेलं. दहा मिनिटांनी दुसरा निरोप आला. "टाकी चार. भरणं सुरू." मग तापवणं. मग निववणं. प्रत्येक पायरीला नेमका शांतारामच्या वेळी लागे तितकाच वेळ, मिनिटाचाही फरक नाही.

मित्रांनो, खरं सांगतो, मीही भ्यालो. जी टाकी जगातच नाही तिला मी ओ देत होतो.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. माणसं डबे घेऊन बाहेर व्हरांड्यात बसू लागली. टाक्या धुणारा कमलाकांत म्हणाला, "शांताराम मेला तरी हजेरी चुकवत नाय." अंकुशकाकांनी त्या वणापाशी नारळ फोडला, अगरबत्ती लावली, आणि तेवढ्यानेही जीव थाऱ्यावर येईना तेव्हा दीपालीला फोन लावला.

दीपाली तेव्हा घरी होती. चार महिन्यांची लेक नुकती कुशीत झोपली होती आणि तिला हलायचं नव्हतं. कुठेतरी जुनी नोंद राहिली असेल, कामावर आले की शोधते, असं ती कुजबुजत म्हणाली. मग एका अंगठ्याने, घरूनच, तिने मला हुकूम दिला की चार नंबरचं नाव आलं तर ओळ दाखवायची नाही आणि ओ द्यायची नाही. घंटा मात्र दाराशी बांधलेली. ती बंद करायची राहून गेली.

चौथा दिवस शनिवार. दुपारी रखमाबाय ऑफिसात चहाची किटली घेऊन आली. तिचा मुलगा देवू नवी टाकी आतून घासायला उतरला होता. भातकापणी उरकून तो पाड्यावरून कामाला आला, त्याला जेमतेम महिना झाला होता. "आत उतरून गाणी म्हणतो," ती अंकुशकाकांना सांगत होती. "आवाज घुमतो ना, म्हणून लय आवडतं त्याला."

घंटा वाजली. पडदा कोराच.

अंकुशकाकांनी मान खाली घातली. रखमाबाय किटली धरून उभी राहिली. मी ओ दिली नाही. दोन मिनिटं पंख्याची घुरघुर तेवढी ऐकू येत होती. मग घंटा पुन्हा वाजली. तिने किटली टेबलावर ठेवली. पुन्हा दोन मिनिटं. तिसऱ्यांदा घंटा वाजली तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, ओ द्या."

मॅडमनीच नको म्हणून सांगितलंय, असं काका पुटपुटले.

"आमच्या पाड्यावर पयल्या हाकेला कोण ओ देत नाय. भूत एकच हाक मारतं. तिसरी हाक माणसाची असते." तिचा आवाज चढला नव्हता. "मॅडमला इचारा, तीनदा कोण बोलावतंय."

काकांनी फोन लावला आणि टेबलावर, माझ्याशेजारीच ठेवला. दीपाली हळू बोलत होती.

"ओ मिळाली नाही तर तीनदाच वाजतं, काका. मीच तसं..." ती थांबली. "जुनी नोंद असती तर तिने उत्तराची वाट बघितली नसती. म्हणजे पलीकडे खरंच काहीतरी चालू आहे. नव्या टाकीची साखळी मिथुनने कुठून घेतली?"

"शांतारामचीच जशीच्या तशी उतरवून घेतली. त्याच्यासारखा रंग कुणाचा उतरला नाय, म्हणून मीच सांगितलं."

"आणि आतलं नाव? बदललं?"

"टाकीवर पाच रंगवलंय की."

फोनमधून बाळाची किरकिर ऐकू आली, ती ताडकन उठून बसली असावी. मग तिने विचारलं, "काका, पाचमध्ये आत्ता कोण आहे?"

उत्तर द्यायला रखमाबाय तिथे नव्हतीच. तिच्या धक्क्याने किटली कलंडली होती आणि चहा माझ्या पायाशी थेंब थेंब गळत होता.

पुढचं मी नंतर ऐकलं. मिथुन गेले तीन दिवस नुसत्या पाण्याने टाकी चालवून बघत होता. साखळी रोज दुपारी आपोआप सुरू व्हावी अशी बांधून ठेवली होती. ती सोडवायची विसरून तो एक सुटा भाग आणायला पालघरला गेला. देवू उतरण्याआधी काकांनी घुसळणीच्या मोटरीला रीतसर कुलूप घातलं होतं. पण गरम पाण्याची झडप साखळीच्या हातात होती, आणि साखळी सुरूच होणार नाही असं सगळे धरून चालले होते. तयारीची दहा मिनिटं. त्यातली चार घंटेने खाल्ली, दोन फोनने.

चार दिवस ज्या वणावर कुणी पाऊल टाकलं नव्हतं, त्यावरून ती माउली सरळ धावत गेली. वर दोरी धरून कमलाकांत बसला होता. तिने दोरीला हात घातला आणि आत ओरडली. देवू खालून म्हणाला, "आये, तळ राहिलाय अजून."

"तळ राहू दे. वर ये."

तो शिडीच्या निम्म्यावर असताना वरच्या नळातून वाफ आली. तेवढ्यात काकांनी शेडचा मुख्य खटका ओढला. उडालेल्या गरम पाण्याने देवूच्या टाचेवर चिकूएवढा फोड आला. बस, तेवढंच.

ऑफिसात कुणी नव्हतं. फोन चालूच होता. पलीकडे दीपालीने रडणाऱ्या लेकीला खांद्यावर घेऊन माझ्यावरचा हुकूम काढून टाकला होता. माझी घंटा वाजली आणि पडद्यावर ओळ उमटली.

"टाकी चार. भरणं अडलं."

"मिळाला," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या मनापासून तो शब्द मी कधी पाठवला नव्हता.

संध्याकाळी सांडलेला चहा पुसताना रखमाबाय एवढंच बोलली, "जित्याला ओ नाय आणि मेल्याला नारळ." सोमवारी दीपाली लेकीला घेऊनच आली. तिने साखळीतलं नाव बदललं, आणि टाकीत कुणी उतरण्याआधी झडपांनाही कुलूप घालायचं असं ठरवून घेतलं. मग माझ्यावर हात ठेवला. "मी तुला गप्प केलं," ती म्हणाली. लेकीने माझी एक कळ ओरबाडून तोंडात घातली.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्यांची धूळ पुसत जा, हे तर मी सांगेनच. पण नकोसा निरोप आला, तर कान बंद करण्याआधी तो कुठून आला ते एकदा जाऊन बघा. नाव चुकीचं असलं तरी हाक खरी असू शकते.

आता एकाही साखळीत चार हे नाव उरलेलं नाही. दीपालीने दोनदा तपासलं. तरीही एखाद्या दुपारी, यंत्रं थांबलेली असताना, माझी घंटा वाजते. एकदाच. पडदा कोरा असतो, धाडणाऱ्याचा पत्ता नसतो. रखमाबाय माझ्यावरून पदर फिरवते आणि पुढे जाते.

मी ओ देत नाही. फक्त दोन मिनिटं मोजतो, आणि मग आणखी दोन.