देव्हाऱ्यातली किल्ली

"हे पिवळं काय आहे?" पीटर्सनं विचारलं.

मी नुकताच दारातून आत आलो होतो. अंगात कामाचा ओव्हरऑल, हाताला ग्रीस. डायनिंग टेबलावर माझं रिव्हॉल्व्हर ठेवलेलं, त्याच्या लाकडी मुठीवर हळदीकुंकवाची बोटं, आणि पीटर्स चष्मा कपाळावर चढवून ते न्याहाळत होता. पीटर्स पोलिसांच्या फायरआर्म्स ऑफिसातला माणूस. दर पाच वर्षांनी शस्त्राचं सर्टिफिकेट रिन्यू करायची वेळ आली की घरी येऊन कपाट, कुलूप, माणूस, सगळं बघून जायचा. आज दहाला यायचा होता. मी साउथहॅम्प्टनच्या बंदरात क्रेनचा फिटर. नेमकी आज सकाळी एक क्रेन अडून बसली आणि मला घरी पोचायला पावणेअकरा झाले.

"टर्मरिक," त्याच्या कपात चहा ओतत उल्का म्हणाली. "काल आमच्याकडे हत्यारं पुजायचा दिवस होता. वर्षभर ती आपली चाकरी करतात, एक दिवस आपण त्यांची करायची. ह्यांचे पाने, स्क्रूड्रायव्हर, सगळं पाटावर मांडते मी. हेसुद्धा."

हे सगळं इंग्रजीत. एकोणीस वर्षं ती शाळेच्या किचनमध्ये पोरांना जेवण वाढते. तिचं इंग्रजी माझ्यासारखं अडत नाही.

"लव्हली," पीटर्स म्हणाला. त्याला खरंच आवडलं होतं.

मी मराठीत विचारलं, "कपाट कुणी उघडलं?"

"मीच. अहो, ते किती वेळ बसून राहणार? तुमचा फोन लागेना. म्हटलं दाखवून टाकू, त्यांचाही दिवस मोकळा."

पीटर्सला मराठी येत नाही, पण कपाटाकडे बघणारी माझी नजर त्याला कळली. त्यानं मलाच विचारलं, "मिसेस भोकरेंना किल्लीची जागा नेहमी माहीत असते का?"

मी तोंड उघडायच्या आत उल्का हसली आणि शाळेतल्या पोरांशी बोलते तसं त्याला म्हणाली, "खंडोबाच्या मागे असते, नऊ वर्षं झाली. देव रोज मी घासते, माय लव्ह, मला नाही तर कुणाला माहीत असणार? देवच राखण करतो."

पीटर्सही हसला. हसत हसतच त्यानं वहीत लिहून घेतलं. मग वही मिटली, रिव्हॉल्व्हर पिशवीत घातलं, पावतीवर माझी सही घेतली आणि चहाबद्दल उल्काचे आभार मानून निघून गेला.

ज्याच्या नावावर सर्टिफिकेट, त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणालाही शस्त्रापर्यंत पोचता येता कामा नये. नियम मला पाठ होता. नेमबाजीच्या क्लबात नव्यानं येणाऱ्यांना तो मीच समजावून सांगायचो. इंग्लंडातला कुठलाही चोर खंडोबाच्या टाकामागे हात घालणार नाही, एवढा विचार करून मी किल्ली तिथं ठेवली होती. पण 'दुसरं कुणी' म्हणजे उल्का, हे एकतीस वर्षांच्या संसारात माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

लोकांना वाटतं, पिस्तूल आवडणाऱ्याला माणसं मारायला आवडतात. असं म्हणणाऱ्याच्या हातात मी एकदा ते रिव्हॉल्व्हर रिकामं द्यायला तयार आहे. ओढ म्हणावं घोडा मागे. आत एक बारीक पंजा सिलेंडरच्या दात्याला ढकलतो, सिलेंडर एक षष्ठांश फिरतं आणि भोक बरोबर नळीसमोर आलं की खिट्टी बसते. टक्. केसाएवढी चूक नाही. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी हे कानस घासून जमवलं. माझ्या क्रेनला तीन कॉम्प्युटर आहेत आणि ती आठवड्यातून दोनदा अडते.

वडील खडकीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काडतुसांच्या मशीनवर उभे होते. आयुष्यात त्यांनी एक गोळी झाडली नाही. दिवाळीत मला टिकल्यांचं पिस्तूल आणायचे, तेही आधी स्वतः खोलून, स्प्रिंग बघून मग हातात द्यायचे. खरं रिव्हॉल्व्हर मी पहिल्यांदा उचललं ते इथं, एकोणऐंशी साली. बंदरावर मला कुणी शशिकांत म्हणत नव्हतं. सिड म्हणायचे, आणि सिड म्हणून जेवढं वाईट बोलता येईल तेवढं बोलायचे. डेरेक नावाचा पोस्टमन शेजारी राहायचा, तो मला एका रविवारी क्लबात घेऊन गेला. मी सहा गोळ्या झाडल्या, पाच काळ्या वर्तुळात बसल्या. त्या लोकांनी कागद माझ्या हातात दिला आणि नाव विचारलं. पूर्ण नाव. डेरेक आजही 'शशिकांत' असंच म्हणतो, अडखळत, पण पूर्ण म्हणतो.

सत्त्याण्णव साली सरकारनं हँडगन बंद केल्या. एका माणसानं शाळेत शिरून लहान पोरं मारली होती. माझीही मुलगी शाळेत होती, मी काय बोलणार? गुमान रांगेत उभा राहिलो आणि माझं तेव्हाचं वेबली रिव्हॉल्व्हर पोलिसांच्या काउंटरवर ठेवून आलो. कायद्यानं एक जुनी जात तेवढी ठेवली. काडतूस नसलेली. दारू मापानं ओतायची, शिशाची गोळी दांड्यानं दाबून बसवायची, वरून चरबी माखायची, मागे तांब्याची टोपी. सहा घरं भरायला दहा मिनिटं लागतात आणि झाडल्यावर एवढा धूर, की गोळी लागली का नाही ते चालत जाऊन बघावं लागतं. तसं एक मी घेतलं. नऊ वर्षं रविवार त्याच्यावर काढले. आठवड्यात मला दुसरा दिवसच नव्हता.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. रिन्युअल नामंजूर. काही म्हणणं असेल तर लेखी कळवा, त्यानंतर निर्णय कायम.

डेरेक घरी आला. चहा घेतला नाही. बाहेर त्याच्या गाडीशी उभे राहून आम्ही बोललो.

"बायकोला इंग्लिश फारसं येत नाही असं लिही, शशिकांत. त्यानं विचारलं एक, तिला कळलं दुसरं. किल्ली तू त्या दिवसापुरतीच विसरून गेला होतास."

"तिला येतं, डेरेक. तुझ्या बायकोशी तासन्‌तास बोलते ती."

"मला माहितेय. पण ते मानतील." तो किल्ल्या हातात खुळखुळवत राहिला. "असं काही असलं की ते नेहमी मानतात."

वाईट हेतूनं नव्हता बोलला. माझा तीस वर्षांचा दोस्त, माझ्या देशी चेहऱ्याचा मला काहीतरी उपयोग व्हावा म्हणून धडपडत होता. मला तिथंच त्याच्यावर थुंकायला हवं होतं. मी आत गेलो आणि पत्र लिहायला बसलो.

दोन दिवस लागले. उल्का ओट्यापाशी होती, मी पत्र तिच्यापुढे धरलं.

"काय आहे?"

"त्या दिवशी तुला प्रश्न कळला नाही, असं लिहिलंय. खाली तुझी पण सही लागेल."

तिनं हात पुसले, चष्मा लावला. पत्र सावकाश वाचलं. 'माझ्या पत्नीचं इंग्रजीचं ज्ञान अत्यंत मर्यादित आहे', तिथं तिचं बोट थांबलं.

"अत्यंत?"

"तसं लिहावं लागतं."

"बरं." ती पुढचं वाचत राहिली. "मग शेवट बदला. हे मागितल्यासारखं वाटत नाही, भांडल्यासारखं वाटतं. इथं 'आय वुड बी ग्रेटफुल' घाला. ते लोक असं लिहिलेलं वाचतात."

मी घातलं. तिनं सही केली. सहीसुद्धा मराठीत केली, आजवर कधी केली नव्हती. आणि मी, नालायक, मनात म्हटलं, हे बरं झालं, खरं वाटेल.

रविवारी ईशिताचा रीडिंगहून फोन आला. आईशी बोलून झाल्यावर तिनं मला मागितलं.

"बाबा, तुम्ही असा कसा लिहिला? आईचा इंग्लिश मस्त आहे. पॅरेंट्स इव्हनिंगला सगळं तीच बोलायची. तुम्ही मागे उभे राहायचे, कोट पकडून."

"तुला नाही कळायचं."

"हो, मला नाही कळत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

डिसेंबरात उत्तर आलं. मी कामावर होतो, उल्कानं उघडून टेबलावर ठेवलं होतं. अर्ज फेटाळला होता. एक वाक्य मला अजून पाठ आहे: 'आमच्या अधिकाऱ्याच्या नोंदीप्रमाणे मिसेस भोकरे अस्खलित व सुस्पष्ट इंग्रजी बोलत होत्या आणि त्यांनी सर्व प्रश्नांना आपणहून संपूर्ण उत्तरे दिली.'

"वाचलंस?" मी विचारलं.

"वाचलं की," ती म्हणाली. "आमटी गरम करू?"

रिव्हॉल्व्हर डेरेकनं आपल्या सर्टिफिकेटवर चढवून घेतलं. मला म्हणतो, ये रविवारी, बघ तरी. मी गेलो नाही. माझ्या भिंतीवर तीन जुनी रिव्हॉल्व्हरं आहेत, त्यांना कुठलंही सर्टिफिकेट लागत नाही, कारण त्यांच्या गोळ्या आता जगात कुणी बनवत नाही. ती मी पुसतो. संग्रह म्हणायचं त्याला.

जानेवारीत उल्काला घेऊन सर्जरीत, म्हणजे इथल्या दवाखान्यात गेलो. जिना उतरताना तिला कळ येत होती. डॉक्टर नवी होती, ईशिताएवढी पोरगी.

"बोला मिसेस भोकरे, काय त्रास होतोय?"

उल्का माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. डॉक्टरनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून.

"सांगा त्यांना," उल्का मराठीत म्हणाली. "उजवा गुडघा."

"उल्का."

"सांगा ना. ताटकळल्यात त्या."

मी सांगितलं. मग डॉक्टरनं खुर्ची माझ्याकडे वळवली. कधीपासून दुखतो, सूज येते का, रात्री झोप लागते का, सगळं ती मला विचारत गेली, मी उल्काला मराठीत विचारत गेलो, आणि तिनं दिलेली उत्तरं माझ्या मोडक्या इंग्रजीत परत करत गेलो. उल्का मांडीवर पर्स धरून, सरळ बसून होती.

शेवटी डॉक्टरनं वाकून गुडघ्याची वाटी दाबली. उल्का कळवळली. "आई गं," ती म्हणाली.

डॉक्टरनं हात काढला आणि माझ्याकडे बघून विचारलं, त्या काय म्हणाल्या?